उषाबेनना बावीस वर्षांच्या पुढे जगू द्या

चरित्रपट, एकांकिका, एकपात्री प्रयोग आणि वक्तृत्वस्पर्धांची भाषणे लिहिणाऱ्या सर्व लेखक-दिग्दर्शकांस,



जुलै संपत आला की मला परीक्षक म्हणून बोलावणी येऊ लागतात. मी राज्यशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका. गिरगावात राहते, मानधनासाठी अडून बसत नाही आणि निकाल वेळेवर देते. त्यामुळे वक्तृत्व असो की एकपात्री, ऑगस्टभर मी कुठल्या ना कुठल्या सभागृहात पहिल्या रांगेत असतेच. आणि तिथे उषा मेहताही भेटतेच. पांढरी साडी, दोन वेण्या, पुढ्यात मायक्रोफोन, वरून एकच स्पॉट. मुलगी खोल श्वास घेते आणि किंचाळते.

माझा पहिला प्रश्न साधा आहे. मायक्रोफोन समोर असताना ती ओरडते कशाला? गिरगावातल्या वाड्यांत बिऱ्हाडाला बिऱ्हाड लागलेले असते. शेजारी फोडणीत हिंग जास्त पडला तर आपल्याला कळते. अशा ठिकाणी सरकारने गुन्हा ठरवलेले प्रक्षेपण करणारी माणसे घसा फोडून बोलत असतील, हे तुम्हाला लिहिताना तरी पटते का?

हा किरकोळ मुद्दा वाटेल, पण माझ्या पुढच्या सगळ्या तक्रारी त्याच्यातूनच निघतात. तुम्हाला नायिका हवी असते, म्हणून तुम्ही तिला ओरडायला लावता. खरी उषा मेहता त्या काळात जे काही करत होती त्यात ओरडण्याला जागाच नव्हती.

मार्च २०२४मध्ये ‘ऐ वतन मेरे वतन’ हा तिच्यावरचा चित्रपट आला. तो वाईट हेतूने केलेला नाही. ज्या मुलांनी उषाबेनचे नाव कधी ऐकले नव्हते त्यांना ते त्यातून कळले, आणि त्यासाठी मी त्या मंडळींची ऋणी आहे. पण चित्रपटाने जो साचा पाडला तोच आता स्पर्धांच्या संहितांत उतरतो आहे, काही वेळा प्रसंगांसकट. मुलांना मी दोष देत नाही. त्यांना संहिता लिहून देणारी तुम्ही मोठी माणसे आहात, म्हणून हे पत्र तुम्हाला.

आधी थोडी उजळणी. ८ ऑगस्ट १९४२ला गोवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला, आणि ९ तारखेच्या पहाटे गांधीजींसह सगळे मोठे पुढारी पकडले गेले. वर्तमानपत्रांवर बंधने आली. देशात कुठे काय चालले आहे ते कळायला मार्ग उरला नाही. अशा वेळी मुंबईत काही तरुणांनी गुप्त रेडिओ केंद्र काढायचे ठरवले. २७ ऑगस्टला ४२.३४ मीटरवर ‘काँग्रेस रेडिओ’ बोलू लागला. आपल्याकडे त्याला ‘आझाद रेडिओ’ही म्हणतात. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी तो बंद पाडला. म्हणजे सगळा खेळ जेमतेम अडीच महिन्यांचा. उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांची होती. सुरत जिल्ह्यातल्या सरस गावची, ब्रिटिशांच्या नोकरीतल्या न्यायाधीशाची मुलगी, विल्सन कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. झालेली, आणि कायद्याचे शिक्षण अर्धवट टाकून चळवळीत आलेली.

आता तक्रारी.

तुमच्या संहितेत ती एकटी असते. रंगमंचावर एकच पात्र आहे म्हणून, हे कारण मी ऐकले आहे. पण एकपात्रीतही इतर माणसे आणता येतात, ती आणणे हेच तर एकपात्रीचे कसब. काँग्रेस रेडिओमागे माणसांची साखळी होती. विठ्ठलदास खाकर म्हणजे बाबूभाई, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी ही तिच्या बरोबरीने काम करणारी मंडळी. राममनोहर लोहिया, अच्युत पटवर्धन हे भूमिगत समाजवादी नेते मजकूर आणि दिशा देणारे. यंत्राची बाजू नरिमन प्रिंटर या जाणकाराकडे होती. ‘शिकागो रेडिओ’चे नानक मोटवाने यांच्यावर साहित्य पुरवल्याचा आरोप झाला. काँग्रेसच्या सभांना ज्यांचे कर्णे लागत, तेच हे मोटवाने.

खटल्याचा निकाल बघा. विशेष न्यायालयाने मोटवाने आणि विठ्ठलदास झवेरींना सोडले. चंद्रकांत झवेरींना एक वर्ष, उषा मेहतांना चार वर्षे आणि बाबूभाई खाकरांना पाच वर्षे सक्तमजुरी. सर्वांत मोठी शिक्षा ज्याला झाली त्याचे नाव तुमच्यापैकी किती जणांनी लिहिले आहे? मी आजवर ऐकलेल्या एकाही भाषणात बाबूभाई आलेले नाहीत. उषाबेननी स्वतः जिथे जिथे या दिवसांबद्दल सांगितले तिथे सहकाऱ्यांची नावे घेतली. त्यांना जे विसरता आले नाही ते आपण टाळ्यांसाठी गाळतो.

आणि प्रिंटर? तो तर नाटककाराला घरबसल्या मिळालेले पात्र. ज्याच्या हातांनी यंत्र उभे राहिले तोच पकडला गेल्यावर पोलिसांना वाट दाखवतो, पुढे माफीचा साक्षीदार होतो. तो का फुटला? भीतीने, पैशाने की कंटाळून? हा प्रश्न रंगमंचावर उभा करायला किती वाव आहे! तुम्ही मात्र त्याला एका ओळीत ‘गद्दार’ म्हणता, मागे ढोल वाजतो, आणि तो संपतो.

कामाचा तपशील तुमच्याकडे जवळजवळ नसतोच. बेकायदा केंद्र चालवणे म्हणजे मुख्यतः हमाली आणि हिशेब. ट्रान्समीटर एका जागी फार दिवस ठेवता येत नाही, कारण पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढत फिरतात. म्हणून जागा बदलायच्या. चौपाटीवरचे ‘सी व्ह्यू’, लॅबर्नम रोडवरचा ‘अजित व्हिला’, सँडहर्स्ट रोडवरचे ‘लक्ष्मी भुवन’, गिरगावात पारेखवाडी, मधेच महालक्ष्मीचा एक बंगला. महालक्ष्मी सोडले तर हा सगळा मुलूख माझ्या रोजच्या फिरण्यातला. भाजीची पिशवी हातात घेऊन तासाभरात चारही ठिकाणांवरून जाऊन येता येते. म्हणजे ही मंडळी कुठल्या डोंगरदऱ्यांत लपलेली नव्हती. मुंबईच्या भर वस्तीत, भाड्याच्या जागांत, जिन्यावर भेटणाऱ्या प्रत्येकाला तोंड दाखवत वावरत होती. दर वेळी नवा घरमालक, नवे खोटे नाव, नवी थाप, आणि ते जड यंत्र कुणाच्या डोळ्यांवर येऊ न देता वर चढवायचे. बोलणे एका ठिकाणी ध्वनिमुद्रित करायचे आणि दुसऱ्या ठिकाणाहून सोडायचे, हीही काळजी. सुरुवातीला दिवसातून दोनदा आणि पुढे रोज संध्याकाळी एकदाच कार्यक्रम, हिंदीतून आणि इंग्रजीतून.

लॅबर्नम रोडवर मणिभवन आहे हे तुम्हाला ठाऊक असेल. मुंबईत आले की गांधीजी जिथे उतरत ते घर. पोलिसांची नजर ज्या रस्त्यावर आधीपासून होती त्याच रस्त्यावर या पोरांनी काही दिवस केंद्र थाटले. याला धाडस म्हणायचे की कोडगेपणा, मला अजून ठरवता येत नाही. दोन्ही असावे.

प्रेमप्रकरणाबद्दल मला फार लिहायचे नाही. चित्रपटात एक तरुण घातला आहे, तिच्यावर जीव असलेला. तो कल्पित आहे. उषाबेननी लग्न केले नाही, तो त्यांचा निर्णय होता आणि तो त्यांनी आयुष्यभर पाळला. भगतसिंगांवरच्या चित्रपटांतही मुलगी घुसवतात, असे मला एका तरुण दिग्दर्शकाने सांगितले. म्हणजे एका ठिकाणची खोड दुसऱ्या ठिकाणी समर्थन म्हणून वापरायची. बरे, पुरुष क्रांतिकारकाच्या गोष्टीत प्रेयसी येते ती निरोप द्यायला. बाईच्या गोष्टीत प्रियकर येतो तो कशाला? तिने जे केले त्याचे कारण पुरवायला. माझा राग आहे तो इथे.

यापेक्षा मोठी तक्रार ऐकणाऱ्यांबद्दल आहे. तुमच्या दृश्यांत सगळा देश रेडिओभोवती गोळा होतो. शेतकरी, गिरणी कामगार, घुंगट घेतलेल्या बायका, सगळे कान लावून. अहो, १९४२ साली रेडिओ ही परवाना लागणारी, पैसेवाल्यांच्या दिवाणखान्यातली वस्तू होती. रेडिओची बातमी पुढे जायची ती तोंडोतोंडी आणि चोरून छापलेल्या पत्रकांतून. त्यात सर्वांत निष्ठावान श्रोता कोण होता माहीत आहे? पोलीस. ते हे कार्यक्रम रोज ऐकून टिपून घेत होते. काँग्रेस रेडिओवर नेमके काय बोलले गेले हे आज आपल्याला वाचता येते त्याचे मोठे श्रेय सरकारी दफ्तराला आहे. एखाद्या संहितेत कानाला यंत्र लावून बसलेला, ‘वंदे मातरम्’ संपेपर्यंत खुर्चीतून उठू न शकणारा पोलिसांचा लघुलेखक मला बघायला फार आवडेल. ही कल्पना मी फुकट देते, घ्या.

आणि त्या कार्यक्रमांत होते काय? तुमची मुलगी बोलते ती फक्त घोषणा. प्रत्यक्षात तिथे बातम्या होत्या. चितगावचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, आणि चिमूर-आष्टी. उषाबेननी पुढे अभिमानाने सांगितले की या बातम्या आम्ही आधी दिल्या. वर्तमानपत्रे ज्याला हात लावायला धजत नव्हती ते त्यांनी सांगितले.

चिमूरपाशी मला जरा थांबायचे आहे, कारण ते आपल्या महाराष्ट्रातले आहे आणि तुमच्या एकाही संहितेत नाही. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातले चिमूर आणि वर्धा जिल्ह्यातली आष्टी, दोन्ही गावांत त्या दिवशी लोक उठले. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी तो मुलूख आधीच तापलेला होता. पोलिसांनी गोळ्या चालवल्या, लोक पडले, आणि चिडलेल्या जमावाने अधिकाऱ्यांना ठार मारले. पाठोपाठ चिमुरात लष्कर उतरले. पुरुषांची धरपकड झाली, आणि घरात मागे राहिलेल्या बायकांवर सैनिकांनी अत्याचार केले. नागपूरहून काही स्त्रिया तिथे गेल्या, त्यांनी त्या बायकांच्या तोंडून ऐकले. चौकशी करा म्हणून प्राध्यापक भन्साळींनी उपोषण धरले, ते ६३ दिवस चालले. फाशीची शिक्षा झालेल्यांचे प्राण वाचवण्यासाठी अनसूयाबाई काळे यांनी पुढे जी धडपड केली तिच्यावर स्वतंत्र नाटक होईल.

आता विचार करा. मुंबईत एका खोलीत बावीस वर्षांची मुलगी आणि तिचे सोबती चिमूरच्या बायकांबद्दल बोलत आहेत. ज्या गोष्टीबद्दल घरात मोठी माणसे आवाज खाली करतात, ती गोष्ट ते हवेतून सांगत आहेत. त्यांनी शब्द कसे निवडले असतील? कुणी लिहिले, कुणी नको म्हटले, काय खोडले? उठाव म्हणतात तो हा. तो चिमुरात घडला, आणि मुंबईतल्या यंत्राने तो चिमूरबाहेर नेला. तुम्ही चिमूर काढून टाकता आणि यंत्रापुढची मुलगी तेवढी ठेवता. मग ती बोलते आहे कशाबद्दल, हेच प्रेक्षकाला कळत नाही, आणि ती गोष्ट झाकायला पार्श्वसंगीत वाढवावे लागते.

ज्या ठिकाणी खरे नाटक आहे तिथे तर तुम्ही फिरकतच नाही. उषा मेहता गांधीजींच्या अनुयायी. लहानपणीच गांधीजींना पाहिलेल्या, आठव्या वर्षी सायमन कमिशनविरुद्धच्या मिरवणुकीत गेलेल्या, खादी नेसणाऱ्या. आणि गांधीजींना गुप्त काम मान्य नव्हते. सत्याग्रहीने जे करायचे ते उघडपणे करावे आणि परिणाम भोगायला उभे राहावे, ही त्यांची शिकवण. लपूनछपून केलेल्या कामाला ते दोष मानत. मे १९४४मध्ये सुटून आल्यावर त्यांनी भूमिगतांना बाहेर येऊन सरकारच्या स्वाधीन व्हायला सांगितले. अरुणा असफ अलींना तसे पत्र लिहिले, आणि अरुणाबाईंनी ते मानले नाही.

तेव्हा उषाबेनची गाठ बघा. गुरू म्हणतो लपू नका. गुरू आगाखान पॅलेसमध्ये कैदेत, विचारायला जाता येत नाही. त्याचाच ‘करेंगे या मरेंगे’ हा आदेश लोकांपर्यंत न्यायचा तर लपण्यावाचून मार्ग नाही. रोज खोटे नाव सांगायचे, घरमालकाशी खोटे बोलायचे, आणि संध्याकाळी सत्याच्या नावाने बोलायला बसायचे. बाजूला लोहिया आणि पटवर्धन, ज्यांचे मत तारा तोडणे, रूळ उखडणे हेही अहिंसेत बसते असे. त्याच रेडिओवरून असे आवाहनही जायचे. यात उषाबेनना काहीच टोचले नसेल का? मी तीस-पस्तीस वर्षे साध्य आणि साधनांवर वर्गात बोलले. मुलांच्या डोळ्यांवर झापड येते हो, खोटे कशाला सांगू. पण पारेखवाडीतली ही खोली समोर ठेवून बोलले की मुले जागी होतात. प्रश्न विचारतात. एका मुलीने विचारले होते, की घरमालक पकडला गेला असता तर त्याचे पाप कुणाच्या माथी? तुमच्या संहितांमध्ये मला हा प्रश्न एकदाही भेटलेला नाही.

योगायोग असा की शिक्षा झाल्यावर उषाबेनना येरवड्याला ठेवले, आणि आगाखान पॅलेस तिथून हाकेच्या अंतरावर. जवळजवळ वर्षभर गुरू आणि शिष्या पुण्याच्या एकाच टोकाला, वेगवेगळ्या भिंतींआड होते. कस्तुरबा गेल्या त्या याच काळात, फेब्रुवारी १९४४मध्ये. एकांकिका लिहायला यापेक्षा अधिक काय लागते?

शेवटची तक्रार शेवटाबद्दलच आहे. तुमचा पडदा पडतो तो १२ नोव्हेंबरच्या अटकेवर. पोलीस दारे फोडतात, ‘वंदे मातरम्’ चालू असते, ते बंद करा म्हटल्यावर ती बंद करत नाही, आणि ब्लॅकआउट. प्रसंग खरा आहे. छापे सुरू झाल्याचे कळूनही ती त्या संध्याकाळी ठरलेल्या वेळी केंद्रावर गेली, चंद्रकांत झवेरी बरोबर होते, हेही खरे. मी स्वतः त्या ठिकाणी टाळ्या वाजवल्या आहेत. पण पुढचे सहा महिने कुठे गेले? एकान्त कोठडी, तासन्तास चौकशी, आणि मधेच गोड बोलून दाखवलेले आमिष, की साथीदारांबद्दल सांगितलेस तर परदेशी शिकायला पाठवू. शिक्षण अर्धवट टाकून आलेल्या मुलीला शिक्षणाचेच आमिष! चौकशी करणाऱ्याने नस बरोबर ओळखली होती. ती बोलली नाही.

न्यायालयात तिने न्यायाधीशांना विचारले, प्रश्नांची उत्तरे देणे मला बंधनकारक आहे का? नाही, असे उत्तर मिळाले. मग मी माझ्या बचावासाठीसुद्धा एकाही प्रश्नाचे उत्तर देणार नाही, असे सांगून ती गप्प राहिली. हे त्यांनीच पुढे सांगितले आहे. अडीच महिने जिने देशाला बोलून दाखवले तिची सर्वांत मोठी कृती म्हणजे न बोलणे. आणि तुम्ही तिला किंचाळायला लावता.

मग सुटका. १९४६ साली मुंबईत मोरारजी देसाईंच्या आदेशाने ज्या राजबंद्यांना पहिल्यांदा सोडले त्यांत त्या होत्या. प्रकृती ढासळलेली. तुमच्या हिशेबाने नायिका इथे संपली. प्रत्यक्षात त्यांची आणखी ५४ वर्षे उरली होती. त्या पुन्हा अभ्यासाला बसल्या, गांधीजींच्या राजकीय आणि सामाजिक विचारांवर मुंबई विद्यापीठात पीएच. डी. केली. म्हणजे ज्या माणसाने आपल्या पद्धतीला नकार दिला असता, त्याचाच विचार मुळापासून वाचायला घेतला. विल्सन कॉलेजात शिकवले, विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. मणिभवनचे काम अखेरपर्यंत पाहिले. त्याच लॅबर्नम रोडवर. १९९८मध्ये पद्मविभूषण मिळाले. स्वातंत्र्याची पन्नाशी साजरी होत असताना विचारणाऱ्यांना त्या स्पष्ट सांगत, की आम्ही लढलो ते या स्वातंत्र्यासाठी नव्हे. हे वाक्य तुमच्या भाषणांत नसते. प्रमुख पाहुणे व्यासपीठावर बसलेले असतात, अडचण मी समजू शकते.

९ ऑगस्ट २०००ला अंगात ताप असताना त्या ऑगस्ट क्रांती मैदानावरच्या कार्यक्रमाला गेल्या, आणि ११ तारखेला गेल्या.

मला वाटते तुमची अडचण हीच आहे, की त्या जगल्या. आसामातली कनकलता बरुआ सतरा वर्षांची होती. २० सप्टेंबर १९४२ला गोहपूरच्या ठाण्यावर झेंडा लावायला निघाली आणि गोळी लागून गेली. प्रीतिलता वाद्देदार १९३२मध्ये चितगावच्या पहाडतळीला एकविसाव्या वर्षी गेली. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण मेलेली तरुण मुलगी लेखकाला सोयीची जाते, ती पुढे म्हातारी होत नाही, मत बदलत नाही, सरकारवर टीका करत नाही. प्रीतिलतेची सोबतीण कल्पना दत्त १९९५पर्यंत जगली आणि लोकांच्या आठवणीत मागे पडली. आपल्याकडे हौसाताई पाटलांनी प्रतिसरकारच्या काळात शस्त्रे मिळवायला पोलिसांसमोर मार खाण्याचे सोंग केले. त्या २०२१पर्यंत आपल्यात होत्या. शेवटच्या वर्षांत काही पत्रकार त्यांच्याकडे गेले म्हणून ती हकिकत मागे राहिली. उषाबेनच्या बाबतीत तुम्ही काय करता, तर त्या जगल्या हे माहीत असूनही त्यांना बाविसाव्या वर्षीच थांबवता.

मागणे काय आहे ते आता सांगते. पुढच्या संहितेत बाबूभाई खाकरांना निदान एक प्रवेश द्या. चिमूरचे नाव घ्या. प्रियकर काढा, त्या जागी घरमालक घाला. तो शंका घेतो आहे आणि भाडे वाढवून मागतो आहे, तेवढ्यानेही दृश्य उभे राहील. मुलीला हळू बोलायला शिकवा. लहानपणीचा झेंड्याचा प्रसंग आहे ना, पोलिसांनी झेंडा पाडला म्हणून मुलांनी तीन रंगांचे कपडेच शिवून घातले, तो प्रसंग गोड आहे पण प्रत्येक भाषणाची सुरुवात त्यानेच करायला हवी असा नियम नाही. गेल्या वर्षी एका दुपारी तो मी इतक्यांदा ऐकला की चहा घ्यायला बाहेर गेले.

पन्नाशीच्या उषाबेन वर्गात शिकवत आहेत आणि एक विद्यार्थी उठून विचारतो, बाई, गांधींना तर लपून केलेले काम चालत नव्हते, मग तुम्ही कसे केलेत? असा एक प्रवेश कुणीतरी लिहा. हा प्रसंग घडला असा माझा दावा नाही, तुमच्या कल्पित प्रेमप्रकरणाइतकाच तो कल्पित असेल. पण त्यातल्या उत्तरासाठी तुम्हाला थोडे वाचावे लागेल. उषा ठक्कर यांचे काँग्रेस रेडिओवरचे पुस्तक २०२१मध्ये निघाले आहे, त्यात पोलिसांनी टिपलेले कार्यक्रमही आहेत. मणिभवनात ग्रंथालय आहे, ग्रँट रोडला उतरून चालत जाता येते.

आयोजकांनाही एक विनंती तुमच्यामार्फत पोहोचवते. एकपात्रीला सात मिनिटे देता ती दहा करा. सात मिनिटांत माणूस फक्त ओरडूच शकतो.

या ऑगस्टलाही बोलावलेत तर मी येईन. एवढेच सांगून ठेवते, की यंदा गुणपत्रिकेत ‘आवाज’ या रकान्याचे गुण मी मोठ्या आवाजाला देणार नाही.

आपली स्नेहांकित,
गिरगावातील एक निवृत्त प्राध्यापिका